खोट्या अडचणीचा तास

बी.ए. झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाला आमच्या घरात दोन उत्तरं होती आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. वडील नाशिकमधल्या सातपूरच्या एका कंपनीत स्टोअरला होते. त्यांचं म्हणणं, अर्थशास्त्रात एम.ए. कर, कुठल्यातरी कॉलेजात चिकटशील, पुढं बघायला नको. मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती म्हणाली, आता शाळाशाळांतून समुपदेशक नेमणार आहेत, त्याचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा निघालाय, तो करून ठेव.

"समुपदेशक म्हणजे काय करतो?" वडिलांनी विचारलं.

"लोकांचं ऐकून घेतो."

"आणि त्याचा पगार देतात?"

"देतात की."

आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग माझी थकबाकी बरीच निघेल."

मला काय हवंय हे कुणी विचारलं असतं तर फजितीच झाली असती, कारण मला ते माहीत नव्हतं. कुणी विचारलं नाही, हे बरंच झालं. मी दोन्हीकडे प्रवेश घेतला. सोमवार ते शनिवार सकाळी कॉलेजात अर्थशास्त्र, रविवारी दिवसभर समुपदेशन. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सिडकोतल्या आमच्या गल्लीत एम.ए. करणारी मी एकटीच होते, त्यामुळे येताजाता लोक विचारायचे, कशात एम.ए.? मी कधी अर्थशास्त्र सांगायची, कधी समुपदेशन. समोरच्या काकूंना वाटायचं मी दर महिन्याला विषय बदलते.

अर्थशास्त्रात दुसऱ्या वर्षी सार्वजनिक अर्थशास्त्राचा पेपर होता. तो शिकवणारे सर निवृत्तीला आलेले, पांढरा शर्ट, खिशाला कायम खडूची पावडर. रस्त्यावरचा दिवा हे त्यांचं आवडतं उदाहरण. "दिवा लागला की उजेड सगळ्यांना," ते सांगायचे. "ज्यानं वर्गणी दिली त्यालाही आणि ज्यानं दिली नाही त्यालाही. मग कोण कशाला देईल? तुम्ही गावात जाऊन विचारा, दिवा हवा का? जो तो म्हणेल, मला काय, मी तर रात्री बाहेरच पडत नाही. मनात मात्र असेल की दुसऱ्यानं पैसे भरावेत आणि माझ्या दारात उजेड पडावा. लक्षात ठेवा, माणूस आपली खरी पसंती सांगत नाही. ती काढून घ्यावी लागते."

हे मी आठवडाभर ऐकायची आणि रविवारी समुपदेशनाच्या मॅडम म्हणायच्या, "समोरचा माणूस सांगेल ते खरं धरून चालायचं. तपासायला आपण पोलीस नाही."

आता यातलं कुठलं धरायचं? मी दोन्ही वह्यांत दोन्ही वाक्यं अधोरेखित केली होती.

रविवारचा वर्ग एका प्राथमिक शाळेच्या पहिल्या मजल्यावर भरायचा. खोली दुसरीची. भिंतीवर मुळाक्षरांचे तक्ते, बाकं इतकी लहान की गुडघे हनुवटीला लागायचे. वर्गात बहुतेक शिक्षक होते, त्यांच्या त्यांच्या संस्थांनी पाठवलेले. सरावासाठी मॅडमनी जोड्या लावून दिल्या. एकानं समुपदेशक व्हायचं, दुसऱ्यानं अडचण घेऊन येणारा क्लायंट, मग अदलाबदल. माझ्या जोडीला आले नामपूरच्या हायस्कुलातले एक सर. पंचेचाळिशीचे, उंच, मिशा राखलेले, इतिहास शिकवणारे. ते पहाटेची बस धरून सटाण्यावरून यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. मला ते पहिल्या दिवसापासून "ताई" म्हणाले, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही.

मॅडमनी एक नियम घालून दिला होता. "अडचण शक्यतो बनवून सांगा. आपण अजून शिकाऊ आहोत. एकमेकांच्या खऱ्या दुखण्यांवर हात चालवायला नको. आणि इथं जे बोललं जाईल ते जिन्याखाली उतरायचं नाही. खोटं असलं तरी नाही."

पहिली क्लायंट मी होते. मी सासूच्या जाचाची गोष्ट सांगितली. माझं लग्न झालेलं नव्हतं, पण अशा गोष्टी आजूबाजूला मुबलक होत्या. सर कान देऊन ऐकत होते. माझं वाक्य संपतंय न संपतंय तोच म्हणाले, "ताई, तुम्ही सरळ वेगळं ऱ्हावा. दोन खोल्या बघा."

"सर!" मॅडम मागून ओरडल्या. "सल्ला नाही द्यायचा!"

"मग त्यांनी इतकं सांगितलं ते कशासाठी?" सरांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. सगळा वर्ग हसला. मलाही तो प्रश्न रास्त वाटला होता.

मग पाळी आली त्यांची. त्या लहानशा बाकावर ते कसेबसे बसले, गळ्यातला मफलर काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "मला घरी जावंसं वाटत नाही."

आम्हाला शिकवलं होतं की समोरच्याचं वाक्य आपण परत म्हणायचं. मी म्हटलं, "तुम्हाला घरी जावंसं वाटत नाही."

"हां."

पुढं काय करायचं ते मला आठवेना. शेवटी मी विचारलं, "घरी काही त्रास आहे का?"

"छे, छे. त्रास काहीच नाही. बायको चांगली आहे. मुलगी नर्सिंगला आहे, मुलगा दहावीला. मी पोचलो की गरम पाणी तयार असतं. सगळे वाट बघत असतात." ते थांबले. "तेच."

"तेच म्हणजे?"

"वाट बघत असतात."

मी मॅडमकडे बघितलं. त्या दुसऱ्या जोडीपाशी उभ्या होत्या. सर खालच्या आवाजात पुढं सांगत होते. "गाव यायच्या आधी एक फाटा लागतो. तिथं ओढ्यावर एक मोरी आहे, तिला कठडा आहे. वाटतं, इथंच उतरावं. थोडा वेळ बसावं. कुणाचं कुणी नसल्यासारखं."

"मग?"

"उतरतो. बसतो. मग चालत घरी जातो."

इतर जोड्यांमध्ये दारूडे नवरे होते, नापास मुलं होती, जमिनीची भांडणं होती. सगळी भरपूर आरडाओरड्याची, चटकन कळणारी. ही अडचण मला अडचण आहे की नाही तेच कळेना.

मधल्या सुट्टीत आम्ही खाली टपरीवर गेलो. सरांनी मिरची भजी मागवली, माझ्यापुढं कागद सरकवला आणि मोठ्यानं हसले. "कसं जमलं मला? गॅदरिंगला नाटक बसवतो मी शाळेत. पोरांना म्हणतो, खोटं बोलायचं तर साधं बोला, लगेच पटतं."

"म्हणजे ते बनवलेलं होतं?"

"मॅडमनी सांगितलं होतं ना, बनवून सांगा!"

मी हसले. भजी खाल्ली. गोष्ट डोक्यातून गेली.

पुढच्या रविवारी त्यांनी तीच गोष्ट पुढं चालवली, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. सरावासाठी एकच अडचण लांबवायची असा मॅडमचा आग्रह होता, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं. पण गोष्टीत हळूहळू बारीक बारीक काय काय यायला लागलं. कठड्याचा एका बाजूचा दगड निघालाय, त्यामुळे बसायला तीच बाजू बरी. कांद्याचे ट्रॅक्टर मार्केटकडं जाताना कसे लांबूनच ऐकू येतात. ट्रॅक्टरचा उजेड अंगावर आला की ते तोंड शेताकडं फिरवतात, म्हणजे कुणी ओळखीचं असलं तर थांबून विचारणार नाही.

बनवलेला माणूस तोंड कशाला फिरवेल, हे माझ्या डोक्यात बसलं. मी बसमध्ये उभी राहून विचार करायची, जेवताना करायची. आई म्हणायची, "कुठं असतेस गं तू?" मला सांगता यायचं नाही. जिन्याखाली उतरायचं नाही असा नियम होता.

सकाळच्या कॉलेजात एकदा तास संपल्यावर मी अर्थशास्त्राच्या सरांना गाठलं. "सर, माणूस खरी पसंती कधीच सांगत नाही का?"

ते खडूचे हात झटकत म्हणाले, "सांगतो ना. सांगून काही भरावं लागणार नसेल तर सांगतो. आणि खोटं बोलून काही मिळणार नसेल तरी सांगतो."

मी हिशेब लावला. रविवारच्या वर्गात नामपूरच्या सरांना काही भरावं लागत नव्हतं आणि खोटं बोलून काही मिळतही नव्हतं. म्हणजे ते खरं बोलत होते. पण मग टपरीवर ते हसायचे ते काय होतं? आणि टपरीवर तरी त्यांना खोटं बोलून काय मिळत होतं? तिथून पुढं मला काही सुचेना. मी त्यांना सरळ विचारावं तर "तपासायला आपण पोलीस नाही." न विचारावं तर झोप लागत नव्हती.

डिसेंबरात एका रविवारी सर आले नाहीत. थंडी कडाक्याची होती, मला वाटलं बस चुकली असेल. पुढच्या रविवारीही आले नाहीत. मला जोडीदार नव्हता म्हणून मॅडमनी मला स्वतःसमोर बसवलं. मी सराव करायच्या ऐवजी म्हटलं, "मॅडम, मला एक विचारायचंय. समजा क्लायंटनं बनवून सांगितलेली गोष्ट खरी असली तर?"

मॅडमनी चष्मा काढला. "सरांबद्दल बोलतेयस?"

"त्यांनी काय सांगितलं ते मी सांगू का?"

"मला सांगू शकतेस. त्यासाठीच मी आहे."

मी सांगितलं. फाटा, मोरी, कठडा, ट्रॅक्टर. सांगून झाल्यावर मला वाटलं त्या आता पुस्तकातलं काहीतरी सांगतील, म्हणजे माझं कोडं एकदाचं सुटेल. त्या काढलेला चष्मा पदराला पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोटं म्हणून सोडून दिलं आणि खरं निघालं तर वाईट. खरं धरून घरी कळवलं आणि खोटं निघालं तर त्यांचा संसार नासवल्यासारखं. मलाही कळत नाहीये गं."

मॅडमनाही कळत नाही हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच जास्त भीती वाटली.

त्यांनी दुसऱ्या दिवशी सरांच्या शाळेत फोन केला. "सर रजेवर आहेत," एवढंच कळलं. कशाची रजा, किती दिवस, फोन उचलणाऱ्याला माहीत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात अर्थशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला एक छोटी पाहणी करायला सांगितली. एखादं गाव निवडा, एखादी सार्वजनिक सोय निवडा, वीसेक घरं फिरा, लोकांना ती सोय किती हवीशी आहे ते विचारा. माझ्या वर्गातल्या मुलींनी मखमलाबाद, गिरणारे अशी हाताजवळची गावं घेतली. मी नामपूर लिहिलं आणि पुढं रस्त्यावरचे दिवे.

"नामपूरच का?" वडिलांनी विचारलं. "सिन्नर किती जवळ पडतं."

"तिथले एक सर ओळखीचे आहेत."

हे खोटं नव्हतं. पण मी पाहणीसाठी सरांकडं चालले होते की सरांसाठी पाहणी घेतली होती, हे कुणी खोदून विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

सकाळच्या बसनं निघाले. देवळ्यापर्यंत खिडकी बंद ठेवूनही बोटं आखडली होती. सटाण्याला बस बदलली. नामपूर जवळ आलं तसं मी खिडकीला नाक लावून बसले. फाटा आला. मोरी होती. कठडा होता. एका बाजूचा दगड निखळलेला होता. बस क्षणात पुढं गेली. मोरी खरी आहे याचा अर्थ एवढाच की मोरी खरी आहे, असं मी स्वतःला बजावलं.

गावात मार्केटच्या रस्त्यावर कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एका दुकानदाराला मी सरांचं घर विचारलं. तो म्हणाला, "त्यास्ना पाय मोडना ना! ते सर का?" आणि हातानं गल्ली दाखवली.

सर ओट्यावर खुर्चीत बसले होते. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये, समोरच्या स्टुलावर. मला बघून त्यांचा चेहरा आधी फुलला आणि मग कावराबावरा झाला. मला इतकं हायसं वाटलं की मी नमस्कार करायचंही विसरले. पायच मोडलाय. फक्त पाय.

त्यांच्या मिसेस बाहेर आल्या. ठसठशीत कुंकू, हाताला पीठ. "नाशिकहून उनात का? बरं केलं आलात. बसा बसा. सर सांगत होते तुमचं, आमच्या वर्गात एक ताई आहे म्हणून."

मुलगा शाळेत गेला होता, मुलगी हॉस्टेलला. ओट्यावर आम्ही तिघंच. मी विचारलं, "कसं झालं हो हे?"

उत्तर मिसेसनीच दिलं. "रविवारी तुमच्या क्लासहून येताना पडले. फाट्यावरच्या मोरीखाली. मिट्ट अंधार तिथं, ट्रॅक्टरवाल्यानं कण्हणं ऐकलं म्हणून बरं. पण ताई, मला एक समजत नाही. बस तर गावात येते, थेट या चौकात. मग हे फाट्यावर उतरले कशाला? विचारलं तर म्हणतात, असंच." त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "तुम्हाला काही म्हणले होते का?"

सर प्लॅस्टरकडं बघत होते. नाही म्हणावं तर ते खोटं. हो म्हणावं तर वर्गातलं बोलणं जिन्याखालीच काय, थेट नामपूरला उतरत होतं. आणि वर्गात बोलायचं नसतं असं म्हणावं, तर बोलणं झालंय हे त्यातूनच कळत होतं. मी पिशवीतून पाहणीचे कागद काढले.

"मी खरं तर कॉलेजच्या कामाला आलेय. गावातल्या रस्त्यावरच्या दिव्यांची पाहणी आहे. तुमच्यापासूनच सुरुवात करते."

"दिव्यांची?" मिसेस लगेच खाली बसल्या. "मग लिहा. सगळ्यात आधी फाट्यावर दिवा पाहिजे."

"त्यासाठी घरटी वर्गणी काढली तर तुम्ही द्याल का?"

"देऊ ना. आणि मी शेजारच्यांकडनंही घेऊन देते."

"फाट्यावर नको," सर म्हणाले.

आम्ही दोघींनी त्यांच्याकडं बघितलं.

"नको काय?" मिसेस म्हणाल्या. "तिथंच पाय मोडला ना तुमचा! दिवा असता तर पडले असते का?"

"गावात कुठंही लावा. तिथं नको."

"अहो, पण का?"

"उजेडात बसता येत नाही," सर म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते.

"बसता?" मिसेस हळू आवाजात म्हणाल्या. "तिथं कोण बसतं?"

गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत सगळे तसेच होते. मग त्या उठल्या आणि "चहा टाकते" म्हणून आत गेल्या.

आत भांड्याचा आवाज आला तसा मी विचारलं. पोलीस नाही वगैरे सगळं विसरून विचारलं. "सर, ते खरं होतं का?"

"तुम्ही काय धरून चालला होता?"

"मला कळत नव्हतं. अजून कळत नाहीये."

त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "पहिल्या दिवशी खरं नव्हतं, ताई. देवाशपथ. तुमच्यासमोर बसलो, काय सांगावं सुचेना. बसमधून येताना खिडकीतून ती मोरी दिसली होती, तेवढं डोळ्यासमोर होतं. म्हटलं, चला, असा एक माणूस करू. बोलत गेलो, जमत गेलं. मग संध्याकाळी परत येताना फाटा आला, आणि वाटलं, बघू तरी उतरून. आपण सांगितलं तसं वाटतं का ते बघू."

"वाटलं?"

"तसंच वाटलं. अगदी तसंच." ते थोडं हसले. "मग दर रविवारी उतरायला लागलो. आता यातलं आधी काय होतं मला सांगता येत नाही. ते माझ्यात होतंच आणि तोंडातून निघालं, की तोंडातून निघालं म्हणून माझ्यात आलं? तुम्ही म्हणता खरं का खोटं. मी हो म्हणू का नाही म्हणू?"

मी गप्प बसले. आम्हाला गप्प बसायचंही शिकवलं होतं, पण हे ते गप्प बसणं नव्हतं.

"तुम्ही ती सासूची गोष्ट जपून सांगत जा," ते म्हणाले. "लग्न व्हायचंय तुमचं."

मला हसू आलं, ते अर्ध्यावरच राहिलं. तेवढ्यात चहा आला. मिसेसनी तो सगळ्यांच्या हातात दिला आणि हवापाण्याचं बोलल्या. कपबश्या उचलताना त्यांनी सरांच्या पायाखालची उशी सरळ केली.

मी दुपारभर बाकीची घरं फिरले. बहुतेकांनी अर्थशास्त्राच्या सरांनी सांगितलं होतं तसंच केलं. दिवे हवेत म्हणाले, वर्गणीचं नाव काढल्यावर पंचायतीनं करावं म्हणाले. निघताना मिसेस मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या. बस दिसल्यावर म्हणाल्या, "माझं काही चुकतं का हो?"

"नाही," मी म्हटलं. "घरी त्रास नाही असंच..." आणि जीभ चावली.

त्यांनी ते ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, रागही दिसला नाही. "मग माणूस असा जाऊन का बसत असेल?"

"मला खरंच माहीत नाही, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मीच विचारते." आणि मला बसमध्ये चढवून दिलं.

पाहणीचा अहवाल लिहिताना मी अडले. एका घरात दोन उत्तरं होती, आणि एक माणूस दिवा फुकट दिला तरी नको म्हणत होता. मी तो कागद घेऊन अर्थशास्त्राच्या सरांकडं गेले. माणसाचं नाव अर्थातच सांगितलं नाही. सरांनी तो दोनदा वाचला. "गंमत आहे," ते म्हणाले. "बघ, फाट्यावर दिवा लागला की तो यालाही लागला. वर्गणी न देणाऱ्याला जसं वगळता येत नाही, तसं नको म्हणणाऱ्यालाही सूट नाही. आपण शिकवताना पहिल्यावरच सगळा वेळ घालवतो."

"मग अहवालात हे कसं धरू?"

त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. "तूच ठरव," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या मास्तरकीनंतर ते असं म्हणाले याचा मला राग आला होता. मी ते उत्तर "इतर" या सदरात टाकलं, आणि अहवालाला बरे गुण मिळाले.

मॅडमना मी फक्त एवढं सांगितलं की सरांचा पाय मोडलाय, पण सर बरे आहेत. त्यांनी "देवा" म्हणून सुस्कारा सोडला. मग विचारलं, "आणि ते खरं होतं का?" मी म्हटलं, "मॅडम, ते नंतर झालं." त्यांना ते कळलं की नाही मला माहीत नाही, पण त्यांनी पुढं विचारलं नाही. नंतरच्या रविवारपासून मात्र त्या वर्गाला बनवून सांगा असं कमी सांगायच्या.

सर परीक्षेलाच उगवले, उन्हाळ्यात, काठी टेकत. सोबत मिसेस होत्या. तोंडी परीक्षेला वेळ होता म्हणून आम्ही शाळेच्या पटांगणात निंबाखाली बसलो. सर आत कागद द्यायला गेले तशा मिसेस माझ्याजवळ सरकल्या.

"विचारलं मी त्यांना," त्या म्हणाल्या.

"मग?"

"त्यांनी सांगितलं, बसावंसं वाटतं. का ते त्यांना सांगता येईना. दोन दिवस मी बोलले नाही. मग म्हटलं, बसा ना. कोण नाही म्हणतंय? पण सांगीसन बसा. म्हणजे पाणी कधी तापवायचं ते मला कळेल."

"आणि आता?"

"आता सांगून जातात. कधी कधी सांगतात आणि जातच नाहीत." त्या हसल्या. "फाट्यावर दिवा आला हो. पंचायतीनं लावला. हे आता पुढच्या बांधावर बसतात."

सर परीक्षेत पास झाले, मीही झाले. दोन्हीकडे. वर्गात पहिली वगैरे नाही, पण झाले. वडिलांनी पेढे आणले आणि समोरच्या काकूंना देताना विषय एकच सांगितला, अर्थशास्त्र. आईनं मावशीकडं डबा पाठवला तेव्हा दुसरा सांगितला.

पुढं वर्षभरानं मला कळवणच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला जागा मिळाली. डिप्लोमा कागदावर होता, तो प्राचार्यांच्या नजरेला पडला आणि त्यांनी आठवड्यातले दोन तास मला प्रयोगशाळेशेजारची एक खोली दिली. दारावर "समुपदेशन" अशी पाटी लावली. पहिले काही महिने त्या खोलीत कुणी फिरकलं नाही. मी तिथं बसून अर्थशास्त्राचे पेपर तपासायची.

मग एका दुपारी अकरावीतली एक मुलगी आली. सुरगाण्याकडच्या पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी. मी खुर्ची दिली. "बोल," म्हटलं. ती बोलली नाही. मी नाव विचारलं, तेवढं सांगितलं. मग आम्ही दोघी बसलो. मी दोनदा काही विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती माझ्या टेबलावरच्या पेपरांच्या गठ्ठ्याकडं बघत होती, मी खिडकीतून मैदानावरच्या मुलांकडं. तास संपल्याची घंटा झाली तशी ती उठली.

"मॅडम, बरं वाटलं," ती म्हणाली आणि दप्तर खांद्याला लावून निघून गेली.

मी दारापर्यंत गेले. ती व्हरांड्यातून मैत्रिणींच्या घोळक्यात मिसळली होती आणि कशावरून तरी हसत होती. काय झालं, कशानं बरं वाटलं, मुळात काही झालं होतं का, मला काहीच कळलं नाही. मी आत येऊन बसले. पेपर तसेच होते. थोड्या वेळानं मी पुढचा उचलला.